हलकी आहे, घ्या

१४ फेब्रु., शनिवार

मधू आला. धुळ्याहून, दुपारच्या एसटीनं. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणि त्याच्या अंगणातली लिंबं. उभा जन्म एसटी चालवली, आता मागं प्रवासी म्हणून बसला तरी पाय ब्रेक शोधत राहतो म्हणाला. माझ्याहून लहान, माझा एकुलता एक भाऊ. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही कधी.

सुमतीनं भरीत केलं, कळण्याची भाकरी. जेवल्यावर ओट्यावर दोघं. मी शाळेतली नदीवरची कविता चालीत सुरू केली. दुसऱ्या कडव्यानंतर कुठं गेलो कळलं नाही. आतून सुमती, "अहो, नदी कुठं आटली?" मधू हसला, मीही हसलो. या घरात हा विनोद जुना. मास्तरांची तंद्री. कविमन.

उद्या शिवरात्र. घनश्यामशेठ निरोप देऊन गेले, भाऊंना घेऊन या म्हणून.

गो. घेतली, गुळाबरोबर. नेहमीची.

१५ फेब्रु., रविवार

मधू पडला. देवळाच्या पायऱ्यांवरून. इस्पितळात आहे.

लिहवत नाही.

१६ फेब्रु., सोमवार

खुब्याचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन. मधूचा मुलगा संदीप कालच धुळ्याहून आला, बायकोला घेऊन. ते दोघं तिथं बसलेत, मला घरी पाठवलं. "नाना, तुम्ही दमलात, जा." दमलो नव्हतो. तिथं बसवत नव्हतं.

काय झालं ते क्रमानं लिहून काढतो, नाहीतर हेही निसटेल.

पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत महादेवाचं लहानसं देऊळ आहे. त्यापुढे दर शिवरात्रीला घनश्यामशेठ थंडाई करतात. कोपऱ्यावर त्यांचं किराणा दुकान. घराणं मूळ राजस्थानचं, तीन पिढ्या जळगावात. दोन पातेली असतात. एक साधी, बायका-पोरांची. दुसरीत भांग, पाट्यावर वाटून तिचे गोळे केलेले. गोळा दुधात पडून ढवळला गेला की पहिला पेला माझा. मी चाखायची आणि सांगायचं, हलकी, बेताची की जड. जड म्हणालो तर शेठ दूध वाढवतात. हलकी म्हणालो तर अजून एक गोळा. मग वाटप. वयानं मोठा, मास्तर, आणि "नानांना काही होत नाही" म्हणून हे काम माझ्याकडे. बरीच वर्षं चाललंय. कोणाला कधी त्रास नाही. मला त्या पहिल्या पेल्याचा मान वाटायचा. वाटायचा, हे लिहून ठेवतो.

काल पहिला पेला प्यालो. जिभेला बडीशेप, मिरी, गुलाब. अंगात काही नाही. "हलकी आहे" म्हणालो. शेठनी गोळा टाकला, ढवळलं, दुसरा पेला माझ्या हातात दिला. तेवढ्यात देवळामागच्या बेलावर ऊन असं तिरपं आलं की पानं आतून पेटल्यासारखी दिसली. सहावीच्या पुस्तकात संध्याकाळची एक कविता होती. तिची पहिली ओळ आली, दुसरी येईना. ती शोधत राहिलो. शेठनी विचारलं, "नाना, अब कैसी?" मी ‘ठीक’ अशी मान हलवली.

पेला हातातच होता. भरलेला. तोंडाला लावलाच नव्हता.

मधू पुढं आला. उपासाचा, सकाळपासून भगर आणि एक केळं एवढंच पोटात. "लेऊ का, दादा?" घरच्या अहिराणीत विचारलं, लहानपणी विचारायचा तसं. मी म्हणालो, "ले. हलकी शे."

गोड लागली म्हणून त्यानं आणखी एक पेला घेतला. काही वेळानं म्हणाला, रस्ता हालतोय. मी म्हणालो, बस जरा इथं माझ्याजवळ. तो बसला. मी पुन्हा त्या ओळीच्या मागं. तो उठला कधी ते दिसलं नाही. आवाज आला तेव्हा वळून पाहिलं.

आणखी चौघांना उलट्या झाल्या. एक रिटायर कारकून हसत सुटले ते थांबेचनात, शेवटी रडू लागले.

मला काही झालं नाही. मी रिक्षा बोलावली.

१८ फेब्रु., बुधवार

ऑपरेशन नीट झालं. पण मधू इथं नाही. त्याची गाडी चालू आहे. मला म्हणतो, मागं सरका, दरवाजा अडवू नका. नर्सला म्हणाला, कंडक्टर, डबल बेल मार, पारोळ्याला उशीर होतोय. संदीपची बायको ओढणी तोंडाला लावून हसली, मग बाहेर जाऊन रडली.

डॉक्टर सांगतात, वय, भूल आणि पोटात गेलेली भांग, सगळं मिळून झालंय. हळूहळू उतरेल बहुतेक. त्या 'बहुतेक'वर संदीपनं दात आवळले.

संदीप पोलिसात जाणार. म्हणाला, "म्हाताऱ्या माणसांना नशा पाजतो तो शेठ, सोडणार नाही त्याला." घ.शेठ मोसंबी घेऊन आले होते. संदीप दारात आडवा उभा राहिला. शेठ बाहेरच थांबले. पिशवी बाकावर ठेवली, माझ्याकडे पाहिलं.

मी मोसंब्यांकडे पाहिलं.

गो. घेतली. आजसुद्धा.

२० फेब्रु., शुक्रवार

आज संदीपला सांगितलं. इस्पितळाच्या कँटीनमध्ये, चहा पुढ्यात ठेवून. शेठचा दोष नाही, हलकी आहे असं मीच सांगितलं, मग त्यांनी वाढवली.

तो हसला. कधी नव्हे ते माझ्या हातावर हात ठेवला. "नाना, तुम्ही नका अंगावर घेऊ. तुम्हाला काय कळतं त्यातलं? तुम्ही कवितेतले माणूस. त्यानं पुढं केलं, तुम्ही भोळेपणानं हो म्हणालात."

भरलेल्या पेल्याचं बोलणार होतो. त्याच्या त्या हाताखाली बोलता आलं नाही.

संध्याकाळी कॉलनीत. बाकावरच्या मंडळींना तेच सांगितलं.  मग एक जण म्हणाला, शेजारधर्म असावा तर असा. बघा, शेठला वाचवायला नाना स्वतःकडे घेतायत. दुसऱ्यानं मला उठून जागा दिली.

कबूल केलं आणि मान वाढला. अर्धंच कबूल केलं म्हणून. घरी येताना लोक नमस्कार करत होते. चप्पल बघत चाललो.

२२ फेब्रु., रविवार

संदीपनं तक्रार दिली. शेठना पोलीस ठाण्यात बोलावलं होतं, दुपारपर्यंत बसवून ठेवलं. दुकान बंद.

मधूला रोज तपासायला एक तरुण डॉक्टरीणबाई येतात. बोलणं सरळ, आवाज हळू. आज त्या वॉर्डातून निघाल्या तेव्हा मी जिन्यापाशी गाठलं. म्हणालो, एक मित्र आहे. चौदाव्या वर्षापासून चिलीम ओढायचा. गांजा. पाच वर्षं, जवळजवळ रोज. त्याचं पुढं काही राहतं का? लक्ष लागत नाही, धागा सुटतो, असं?

त्या थांबल्या. म्हणाल्या, त्या वयात मेंदू अजून घडत असतो. इतक्या लवकर आणि रोज घेणाऱ्यांमध्ये लक्ष, आठवण यांवर परिणाम झालेला दिसतो. सोडल्यावर बऱ्याच जणांचं पुष्कळसं भरून निघतं, काहींचं थोडं राहून जातं. पण एका माणसाकडे बोट दाखवून, हे त्यामुळेच, असं कोणी सांगू शकत नाही. तो मुळात तसाच असेल.

मुळात तसाच. हे ऐकून बरं वाटलं. म्हणून पुढचं विचारलं, आणि तिथं फसलो. म्हणालो, त्याला आताही भांग चढत नाही, तेव्हाची सवय असेल ना?

"सोडली कधी त्यांनी?"

"एकोणिसाव्या वर्षी."

"मग नाही. ती सवय सोडल्यावर काही आठवड्यांत ओसरते. इतकी वर्षं टिकत नाही. चढत नसेल तर ते अजून घेत असतील. नियमित."

मी जिन्याचा कठडा धरून उभा. त्या खाली दोन पायऱ्या उतरल्या, वळल्या. "मित्राला सांगा, सोडताना थोडे दिवस झोप जाईल, चिडचिड होईल, भूक मरेल. घाबरायचं नाही." आणि जाता जाता, "येऊन भेटा मला."

मित्राला पाठवा, असं नाही म्हणाल्या.

२३ फेब्रु., सोमवार

'गो.' म्हणजे भांगेची गोळी.

लिहिलं. इतकी वर्षं स्वतःच्या वहीत स्वतःशीसुद्धा एक अक्षर आणि एक टिंब. पोटासाठी, झोपेसाठी, सांधे धरतात म्हणून. धुळ्याच्या बाजारात एक चूर्णवाला आहे, आधी त्याच्या बापाकडून घ्यायचो. मधूला भेटायला म्हणून धुळ्याला जायचो, आणि आधी त्या दुकानात. मधूला कधी कळलं नाही.

मी म्हणायचो, गांजा सोडला. लग्नाआधीच सोडला. खरंच आहे, चिलीम परत हातात धरली नाही. म्हणून मी सोडलेला माणूस. असं धरून चाललो.

लहानपणी धुळ्यात पांझरेच्या काठी साधूंची एक धुनी होती. गुरुवारी भजन. माझा आवाज चांगला म्हणून मोठी माणसं मला पुढं बसवायची. नववीत होतो. चिलीम फिरायची, एक दिवस माझ्यापाशी थांबली. देवाचं आहे, घे, म्हणाले. खोकलो. मग नदीवरचं धुकं, झांजांचा आवाज आणि शाळेतली कविता सगळं एकात एक मिसळलं. शब्दांना आत खोली असते हे मला त्या दिवशी कळलं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तीच कविता कोरडी. मग गुरुवारची वाट पाहवेना. मग रोज.

मधू तेव्हा लहान होता. वडील शोधायला निघाले की धावत नदीवर यायचा, मला नदीच्या पाण्यानं तोंड धुवायला लावायचा, सदरा हुंगून बघायचा. घरी सांगायचा, दादा वाचनालयात होता.

मॅट्रिकला गणितात गेलो. प्रश्न वाचता वाचता उत्तराआधी दुसरीकडेच. पुढं कसाबसा मास्तर झालो, मराठीचा. तिथं हे खपून गेलं. फळ्यावर अर्धी ओळ लिहून खिडकीबाहेर बघत उभा राहायचो. पोरांनी जोडलं होतं, "सर गेले ढगात, आम्ही बसलो वर्गात." मला राग यायचा नाही. मला ती शाबासकी वाटायची. साठ-साठ पोरं समोर बसून असायची आणि मी त्यांचा तास ढगात घालवायचो, आणि सगळे म्हणायचे, सर हळवे आहेत.

हळवा होतो की धुरात होतो? बाई म्हणतात, कोणी सांगू शकत नाही. आयुष्यभर मला माझी म्हणून जी एक गोष्ट वाटली ती माझी होती का, हे आता विचारायचं तरी कोणाला.

डबी नालीत रिकामी केली. आजपासून नाही.

२६ फेब्रु., गुरुवार

झोप नाही. घाम. सुमतीवर भाजीत मीठ कमी म्हणून ओरडलो, मीठ बरोबर होतं. जेवण जात नाही. डोळा लागला की स्वप्नं, एकावर एक, रंगीत. कित्येक वर्षांत स्वप्न पडलं नव्हतं. मी समजायचो, समाधानी माणसाला पडत नाहीत.

सुमती दुपारी जवळ येऊन बसली. "गुळाचा डबा हलला नाही चार दिवस."

मी विचारलं, तुला माहीत होतं?

"एका घरात राहून माहीत नसायला मी काय पाहुणी आहे?" बराच वेळ पदराचं टोक चुरगळत बसली. मग म्हणाली, "शेजारणींचे नवरे पिऊन यायचे, मारायचे. माझा आपला कविता म्हणत बसायचा. शांत नवरा मिळाला म्हणून गप्प राहिले. कशानं शांत, ते बघितलं नाही. आता मधूभाऊजींसमोर जायला मलाच तोंड नाही."

तिला काय सांगावं. माझी लाज मी आजवर एकट्याची समजत होतो.

२७ फेब्रु., शुक्रवार

मराठी दिन. माझ्या जुन्या शाळेत दर वर्षी बोलावतात. जाणार नव्हतो, पण मुख्याध्यापक गाडी घेऊन दारात. शाल, नारळ, मग "सर, एक कविता होऊ द्या."

शेतावरची कविता, पाचवीची. पन्नास वेळा शिकवली असेल. पहिलं कडवं आलं. दुसऱ्याच्या मध्यावर समोर भिंतीवर उन्हाचा चौकोन दिसला, आणि गेलो. किती वेळ, माहीत नाही. परत आलो तेव्हा ओळ नव्हती. डोळ्यांत पाणी होतं, न झोपल्यामुळे आणि नुसत्या भीतीनं.

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या. सूत्रसंचालन करणारी मुलगी माइकवर म्हणाली, सर गहिवरले.

शाल मी गाडीतच विसरलो. आणून देऊ म्हणून फोन आला. राहू द्या म्हणालो.

२ मार्च, सोमवार

मधूला डिस्चार्ज. अँब्युलन्सनं धुळ्याला नेलं. आता माणसं ओळखतो, गाडी थांबली त्याची. पण पाय टेकवत नाही, भीती बसलीय. डॉक्टर म्हणतात, चालला नाही तर अंथरुणालाच लागेल.

निघताना माझा हात धरला आणि काहीतरी बोलणार होता. संदीपनं स्ट्रेचर उचलायला सांगितलं.

इकडे शेठकडून कॉलनीत कोणी काही घेत नाही. देवळाच्या मंडळातून त्यांचं नाव काढायचं ठरतंय. काल एक बाई त्यांच्या दुकानापुढून मुद्दाम पोराला ओढत नेताना पाहिली, जशी काही तिथं साखर-तांदूळ नाही, दुसरंच काही विकतात. त्यांचा मुलगा म्हणतो, दुकान विकून भुसावळला जाऊ. पोलिसांनी संदीपला पुन्हा बोलावलंय, येत्या सोमवारी, नऊ तारखेला, पूर्ण जबाबासाठी.

उद्या धुळवड. थंडाईचं नाव कोणी काढत नाही.

६ मार्च, शुक्रवार

धुळ्याला गेलो. पाळधी, एरंडोल, पारोळा. बाजारात उतरलो नाही, सरळ देवपूरला मधूच्या घरी. लिहायला सोपं आहे. स्टँडवरून पाय त्या दुकानाकडे आपोआप वळत होते.

मधू पलंगावर उशीला टेकून. वॉकर भिंतीला लावलेला, त्यावर टॉवेल वाळत घातलेला. संदीप कामावर गेला नव्हता, चहा ओतत होता. इकडची-तिकडची बोलणी झाली. मग मधू म्हणाला,

"दादा, तू आजून लेस का ते?"

इतक्या साध्या आवाजात, जसं काही विचारतोय, तू अजून चष्मा तोच वापरतोस का. संदीपचा हात थांबला.

"सोडी दिधं," मी म्हणालो.

"कव्हय?"

कधी. बाईंनीही हेच विचारलं होतं, जिन्यात. तेव्हा एकोणिसावं वर्ष तोंडातून आपसूक आलं. आजही आलं होतं, जिभेवर होतं. मधू माझ्याकडे बघत होता. त्याच्या पांघरुणावर पाखरं छापलेली आहेत, निळी. मी पाखरांकडे बघायला लागलो, आणि मग मुद्दाम नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं.

"तू पडना, त्याना नंतर."

मग सगळं सांगितलं. रोजची गोळी. पहिला पेला. दुसरा पेला तोंडाला न लावता मान हलवली ते. बेलाची पानं. सांगताना दोनदा भरकटलो, दोनदा मधूनंच म्हटलं, मग?

संदीप हसला नाही या वेळी. "नाना, त्या दिवशी कँटीनमध्ये हे का नाही सांगितलं?" थांबला नाही, पुढं म्हणाला, "मी त्या माणसाला दारातून हाकललं. पोलिसांसमोर त्याच्या बापाचा उद्धार केला. आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होता." चहाचं भांडं तसंच ठेवून बाहेर गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

मधूनं पांघरूण वर ओढलं. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "माले वाटे, तू बठ्ठं सोडी दिधं. म्हनीसन पिधं मी."

त्याचा हिशेब सरळ होता. भावानं हे सगळं कधीचं टाकलंय, तोही आता आपल्यासारखाच कोरा माणूस. त्याला हलकी लागली तर आपल्यालाही हलकीच.

लहानपणी माझा सदरा हुंगून बघायचा तो. मोठेपणी हुंगला नाही. विश्वास ठेवला.

मी पायाशी बसून राहिलो. वॉकर जवळ आणून ठेवला. त्यानं त्याला हात लावला नाही. नको म्हणालाही नाही.

७ मार्च, शनिवार

सकाळी घ.शेठकडे. दुकान अर्ध्या शटरवर. गल्ल्याशेजारी माझ्यासाठी एक स्टूल असतं, मी दिसलो की शेठ ते पुढं सरकवतात. आज सरकवलं नाही. उभ्या उभ्या सांगितलं. दुसरा पेला भरलेलाच होता.

ते तूरडाळ पुड्यात भरत होते. भरत राहिले. गिऱ्हाईक आलं, गेलं. मग म्हणाले, "मी रोज विचार करतो नाना, गोळा मोठा झाला का माझ्या हातून. बायकोला म्हटलं, माझा हातच खराब झाला. पाटा काढून टाकला." आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं. "मुझे बोल देते उसी दिन. बस, इतना ही."

मग म्हणाले, आता जे बोलायचं ते ठाण्यात बोला, इथं दुकान आहे.

जायला वळलो तर मागून, "भाऊ कैसे हैं? चलते हैं?"

नाही म्हणालो. अजून नाही.

८ मार्च, रविवार

संदीपचा फोन. आवाज कोरडा, पण फोन केला. उद्या सकाळी येतो, बरोबर ठाण्यात जाऊ. तक्रारीचं काय करायचं ते तुमचं ऐकल्यावर ठरवू, पप्पांनी तसंच सांगितलंय. मग जरा थांबून, "तिथं सगळं बोलाल ना? मधेच कुठं जाऊ नका नाना. तिथं कोणी टाळ्या वाजवणार नाही."

त्याला शाळेतलं कोणी सांगितलं असेल.

दुपारी सुमतीला समोर बसवलं. म्हटलं, तू साहेब. ती शेंगा सोलत होती, म्हणाली, बोला. खुर्चीवर ताठ बसून सुरू केलं. नाव, वय, राहणार पिंप्राळा. शिवरात्र, दोन पातेली, पहिला पेला. हलकी आहे म्हणालो. शेठनी गोळा टाकला. दुसरा पेला माझ्या हातात दिला.

आणि तिथं गेलो. खिडकीत चिमणी नव्हती, ऊन नव्हतं, कसली ओळही आली नाही. नुसतंच गेलो.

"पुढं?" सुमती म्हणाली.

पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा तिथंच. बाकी सगळं येतं, शेठचा सदरा कोणत्या रंगाचा तेही येतं. त्या एका वाक्यापाशी आलो की आत कुणीतरी दार लावून घेतं. हे त्या वयातल्या चिलमीचं, या रोजच्या गोळीचं, की डोकं शाबूत असूनही मीच तिथून पळ काढतोय? डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या पुन्हा म्हणतील, सांगता येत नाही. मला येतं का सांगता?

सुमतीला म्हटलं, लिहून नेऊ का कागदावर?

"नको. कागद वाचाल आणि घरी याल." टरफलं सुपात लोटली तिनं, हात झटकले, माझ्या समोर खुर्ची ओढली. "माझ्याकडे बघा. पहिल्यापासून."

नाव, वय, राहणार पिंप्राळा.